एक नळ, अनेक हौद

पुण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मोहिमा, तह, कारस्थाने आणि वाडे यांचा इतका बारीक हिशेब ठेवला आहे की, पेशवाईतील माणसे पाणी पीत होती की नाही, अशी शंका एखाद्या परक्या वाचकास यावी! तलवारीच्या वाट्याला पाने आली. पाण्याच्या वाट्याला तळटीप आली. मी पेशाने इतिहासाचा माणूस नव्हे. आयुष्य दूरसंचाराच्या तारा, यंत्रे आणि त्यांची गणिते यांत गेले. पण राहणे सदाशिव पेठेत, आणि या पेठेत राहून पायाखालच्या इतिहासाकडे दुर्लक्ष करणे कोणास साधले आहे? त्यातून माझ्या धंद्यातला आजचा सर्वांत अवघड प्रश्न, म्हणजे एकाच जाळ्यातून अनेकांना ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे सेवा कशी पुरवावी हा प्रश्न, माझ्या पेठेखालून दोन-अडीचशे वर्षांपूर्वी वाहत होता, असे ध्यानात आल्यावर तर गप्प बसवेना. म्हणून हा लेखनप्रपंच.

सदाशिव पेठेस नाव मिळाले ते सदाशिवरावभाऊंचे. भाऊ १७६१ साली पानिपतावर पडले आणि त्याच वर्षी नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. नानासाहेबांच्या नावावर राज्यविस्तार आहे तसे पानिपतही आहे. पण त्यांचे जे काम पुणेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या अक्षरशः प्यायले, ते म्हणजे कात्रजचे पाणी. शहराच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरवर, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी, १७५० च्या सुमारास त्यांनी बंधारे घालून तळी करविली. वरच्या तळ्यात गाळ खाली बसावयाचा, निवळलेले पाणी खालच्या तळ्यात उतरावयाचे आणि तेथून चुन्यात बांधलेल्या भुयारी नळाने ते शहराकडे निघावयाचे. हा नळ म्हणजे आजच्यासारखी लोखंडी नळी नव्हे. माणसाला आत शिरून साफसफाई करता यावी एवढे ते बांधीव भुयार होते. ठिकठिकाणी त्यावर दगडी मनोरे उभारलेले असत. त्यांना उच्छ्वास म्हणत. हवा कोंडू नये, दाब वाढून बांधकाम फुटू नये आणि आत काय चालले आहे ते वरून पाहता यावे, अशी तिहेरी सोय त्यांत होती. पंप नाही, वाफ नाही, वीज नाही. केवळ उताराच्या जोरावर हे पाणी शनिवारवाड्यापर्यंत पोचत असे.

वाटेत आणि शेवटी हौद. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी आजही आहेत. मात्र पुष्कळदा ती बसथांब्याची वा चौकाची नावे म्हणून. हौद म्हणजे नुसती टाकी, असे समजण्याचे कारण नाही. नळातून पाणी रात्रंदिवस सारख्या गतीने येते. माणसे मात्र पहाटे आणि संध्याकाळी एकदम येतात. या दोहोंचा मेळ घालणारी वस्तू म्हणजे हौद. रात्रीचे पाणी सकाळच्या गर्दीसाठी साठवून ठेवणे, हे त्याचे खरे काम. दूरसंचाराच्या भाषेत यालाच आम्ही ‘बफर’ म्हणतो, आणि तो किती मोठा असावा यावर अजून वाद घालतो.

पुढे नाना फडणिसांनी आंबेगावाकडून दुसरा एक नळ आणून सदाशिव पेठेच्या हौदात सोडला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कात्रजच्या मोठ्या नळालाच आणखी एक फाटा फोडून नानांना पेठेची तहान भागविता आली असती. तसे न करता त्यांनी वेगळा उगम आणि वेगळी वाट पत्करली. पहिल्या पद्धतीत खर्च कमी, पण एकाचे पाणी वाढले की दुसऱ्याचे घटावयाचे. दुसरीत खर्च जास्त, पण कोणी कोणाच्या पाण्यात हात घालीत नाही. सामायिक की स्वतंत्र? या एका प्रश्नाभोवती पुढचा सगळा इतिहास फिरतो.

सामायिक नळाचा अनुभव जुन्या वाड्यांत राहिलेल्या कोणासही सांगावयास नको. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडे आणि मधोमध एक नळकोंडाळे. पाणी यावयाचे ठरावीक वेळ. पहिल्याने पिंप लावले की सातव्याला करंगळीएवढी धार. त्यावर वाड्याने काढलेला तोडगा असा की, आधी प्रत्येकाने पिण्याचा एकेक हंडा भरावयाचा, मग स्वयंपाकाचे, आणि धुण्याचे सर्वांत शेवटी. कोणाकडे बाळंतीण असली वा आजारी माणूस असले, तर त्या घराला पहिला मान. हा कायदा कोणी लिहिला नव्हता, पण मोडणाऱ्याची खैर नसे. आता यातले शास्त्र पाहा. समजा, बारा हंडे पाणी आहे आणि तीन घरे आहेत. एकाला दोन हंडे पुरतात, दुसऱ्याला चार हवेत, तिसऱ्याला दहा. सारखे वाटावे तर प्रत्येकी चार. पण पहिल्याला दोनच हवेत. त्याचे उरलेले दोन पुन्हा बाकीच्या दोघांत वाटावे, म्हणजे प्रत्येकी पाच. दुसऱ्याची तहान चारांत भागते. त्याचा उरलेला एक तिसऱ्याकडे. अखेर वाटणी होते दोन, चार आणि सहा. जो थोड्यात भागवतो त्याला पूर्ण मिळते. जो फार मागतो तो उरलेल्यावर संतोष मानतो. आज जगभरच्या संगणकी जाळ्यांत न्याय्य वाटपाची जी एक मूलभूत रीत मानली जाते, ती हीच. १९८० च्या दशकात तिच्यावर विद्वान मंडळींनी शोधनिबंध लिहिले. नळकोंडाळ्यावरच्या बायकांना ती आधीच ठाऊक होती, एवढेच!

पण वाडा लहान. तेथे सारे एकमेकांच्या डोळ्यांसमोर. मोठ्या पसाऱ्यात हे कसे साधावे? याचे उत्तर महाराष्ट्राने पुण्याबाहेर, धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत शोधून ठेवले आहे. पांझरा, मोसम या नद्यांवर दगडी बंधारे घालून गावोगावच्या शेतकऱ्यांनी तीनचारशे वर्षे सामायिक पाण्यावर शेती केली. शिवाराचे फड पाडावयाचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यावयाचे, ऊस कोणत्या फडात आणि कोणता फड पडीक ठेवावयाचा हे पाण्याचा अदमास पाहून सर्वांनी मिळून ठरवावयाचे. पाणी कमी दिसले तर अमुक एकाचे शेत सुकत नसे. सर्वांचाच भिजणारा फड लहान होत असे. आणि प्रत्यक्ष पाणी देण्याचे काम शेताच्या मालकाकडे नसे. त्यासाठी पाटकरी, बारेकरी, जागल्या अशी नेमलेली माणसे असत. शेतकऱ्याने आपल्या हाताने दार उघडावयाचे नाही, हा दंडक. म्हणजे पाण्याची वाट एकीकडे आणि पाण्याविषयीचा निर्णय दुसरीकडे, अशी स्पष्ट विभागणी. ही विभागणी वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे आहे.

मात्र गतकालाचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हौदात पाणी होते, पण ते सर्वांचे नव्हते. कोणत्या जातीच्या माणसाने कोणत्या पाण्याला हात लावावा, याचे नियम भुयारी नळाहूनही पक्क्या चुन्यात बांधलेले होते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी पाण्याचा एक थेंबही वाढविला नव्हता. वाटपाचा नियम बदलला होता. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या वारलेल्या लहानग्या मुलीच्या स्मरणार्थ १८८० च्या सुमारास बांधलेला बाहुलीचा हौदही सर्व जातींना मोकळा होता. पुढे १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादुर बोल्यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, कागदावर. महाडच्या नगरपालिकेने तसा ठरावही केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांसह तळ्यावर चालत जावे लागले आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. या दुःखाची बरोबरी यंत्राच्या अडचणीशी करण्याचा विचारही माझ्या मनात नाही. पण त्यातला धडा मात्र प्रत्येक वाटपाला लागू आहे : नियम ठरावाच्या वहीत कोणता लिहिला आहे, यावर काही अवलंबून नसते. पाणवठ्याच्या शेवटच्या पायरीवर काय घडते, तोच खरा नियम.

आता पाण्याकडून आवाजाकडे वळू. १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. टेलिफोनच्या तारेत आणि कात्रजच्या नळात फरक असा की, तार एका वेळी एकाच संभाषणाला मिळते. दोन गावांच्या मध्ये दहा तारा असतील तर अकराव्याने थांबावयाचे. किती तारा टाकाव्यात? फार टाकल्या तर पैसा पाण्यात, थोड्या टाकल्या तर गिऱ्हाईक ओरडणार. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती एर्लांग याने १९०९ आणि १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून याचे उत्तर दिले. त्याच्या सूत्राचा एक चमत्कार येथे सांगतो. समजा, दोन पेठांना प्रत्येकी दहा तारा वेगळ्या दिल्या आहेत आणि गर्दीच्या वेळी प्रत्येक पेठेत सरासरी पाच संभाषणांचा भार आहे. तर हजारात सुमारे १८ जणांना तार मोकळी नाही म्हणून परत जावे लागेल. आता तारा तेवढ्याच ठेवा, फक्त दोन्ही मिळून वीसांचा एक सामायिक जुडगा करा. परत जाणाऱ्यांची संख्या हजारात दोनांच्याही खाली येते! एकही नवी तार न टाकता. कारण उघड आहे : दोन्ही पेठांना एकाच क्षणी गप्पांची हुक्की येत नाही, एकीची मोकळी तार दुसरीच्या कामी पडते. सामायिकपणाची ही बरकत. पण ज्या दिवशी एका पेठेत उत्सव असेल, त्या दिवशी तीच पेठ सगळ्या तारा गिळून बसेल आणि शेजारच्या पेठेतल्या आजाऱ्याला डॉक्टरला बोलावता येणार नाही. म्हणजे बरकत हवी तर एकत्र करा, आणि भरवसा हवा तर वेगळे ठेवा. नानासाहेब आणि नाना फडणीस यांचा जुनाच पेच!

आपल्याकडे या पेचावर पैशाचा उतारा होता. थोरल्या मंडळींना ट्रंक कॉलचे दिवस आठवत असतील. नंबर नोंदवून तासन्‌तास टेलिफोनपाशी बसावयाचे. साधा कॉल सगळ्यांच्या मागे. दुप्पट दर मोजला की ‘अर्जंट’. आणि त्याहून कितीतरी पट मोजले की ‘लाइटनिंग’. तारा तितक्याच, रांगा तीन. १९६० च्या नोव्हेंबरात कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान देशातील पहिली थेट डायलची सोय झाली. पुढे ती गावोगाव पसरली आणि मधली ऑपरेटरबाई हळूहळू अदृश्य झाली. तिच्याबरोबर एक गोष्ट गेली. बाईला विनवता येत असे. “अहो, वडील अत्यवस्थ आहेत,” म्हटले की ती दोन नंबर मागे ठेवून आपला जोडून देत असे. यंत्राला विनवता येत नाही. पण यंत्राला वशिलाही लावता येत नाही, हेही तितकेच खरे.

यानंतरची पायरी म्हणजे संगणकांचे जाळे. येथे तार कोणाच्याच मालकीची नसते. आपला निरोप, चित्र, आवाज, सारे काही लहान लहान पाकिटांत तुटते आणि सगळ्यांची पाकिटे एकाच वाटेने, एकमेकांच्या मागेपुढे धावतात. चौकात गर्दी झाली की पाकिटे रांगेत थांबतात. रांग मावेनाशी झाली की मागची सरळ टाकून दिली जातात. टाकलेले पाकीट धाडणारा पुन्हा धाडतो, त्यामुळे गर्दी आणखी वाढते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीला याचा कडेलोट झाला. जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. रस्ता शाबूत, गाड्या शाबूत, पण कोणीच हलत नाही! व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने १९८८ साली त्यावरचा उपाय प्रसिद्ध केला. त्याचे सार असे : पाकीट हरवले की तो गर्दीचा इशारा समजावा आणि ज्याने-त्याने आपण होऊन आपला वेग कमी करावा. म्हणजे पुन्हा नळकोंडाळ्याचाच शिष्टाचार.

पण शिष्टाचाराने सगळे भागत नाही, कारण सगळ्यांची गरज एक जातीची नसते. पत्र दोन सेकंद उशिरा आले तर बिघडत नाही, पण त्यातले एक अक्षर गळता कामा नये. बोलण्याचे उलट आहे : एखादे अक्षर गळले तरी कान सांभाळून घेतो, पण आवाज पोचावयास सेकंदाच्या सातव्या हिश्श्याहून अधिक उशीर होऊ लागला की संभाषणाची लय बिघडते. चित्रपटाला रुंद वाट हवी, शस्त्रक्रियेच्या उपकरणाला वक्तशीर वाट हवी. सेवेची प्रत म्हणतात ती हीच : वाटेची रुंदी, विलंब, विलंबातील चढउतार आणि गळती या चार गोष्टींचा हिशेब. १९९४ साली एक योजना पुढे आली की, प्रत्येक संभाषणासाठी वाटेवरच्या प्रत्येक चौकात आधी जागा राखून ठेवावी. उत्तम, पण कोट्यवधी संभाषणे चौकाने लक्षात ठेवावी कशी? म्हणून १९९८ मध्ये सोपी रीत निघाली : प्रत्येक पाकिटावर वर्गाचा शिक्का मारावा आणि चौकाने फक्त शिक्का पाहावा. असे ६४ शिक्के शक्य आहेत. ही ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’चीच सुधारलेली आवृत्ती. त्यातही कोणी सगळ्याच पाकिटांवर लाल शिक्का मारू नये म्हणून दारात एक काल्पनिक बादली ठेवतात. तीत ठरल्या गतीने थेंब थेंब भरत असतात. पाकीट आत सोडावयाचे तर तेवढे थेंब मोजून द्यावे लागतात. बादली भरलेली असेल तेवढा वेळ चैन करा, रिकामी झाली की थेंबाच्या गतीने चला.

एवढे करूनही एक उणीव राहिलीच. प्रत्येक चौक आपल्यापुरते पाही. सगळ्या गावाचा नकाशा कोणाच्याच डोळ्यांसमोर नसे. येथे फडाचा पाटकरी आठवावा. २००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील निक मॅक्युअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ओपनफ्लो’ नावाची रीत प्रसिद्ध केली. तिचे मर्म असे की, चौकातल्या यंत्राने फक्त पाकिटे पुढे ढकलावी. कोणते कोणीकडे ढकलावयाचे, ते दूर बसलेल्या एका नियंत्रक प्रणालीने सगळा नकाशा पाहून सांगावे. वाहणारा पाट वेगळा, निर्णय करणारी पंचायत वेगळी. यालाच सॉफ्टवेअर-नियंत्रित जाळे म्हणतात. आणि एकदा निर्णय सॉफ्टवेअरच्या हाती आला की, एकाच काचतंतूवर पाहिजे तितकी आभासी जाळी उभी करता येतात. बँकेचे एक, रुग्णालयाचे एक, शाळेचे एक. प्रत्येकास वाटावे की, सगळा नळ आपलाच. सामायिकपणाची बरकत आणि वेगळेपणाचा भरवसा एकाच वेळी मिळावा, ही त्यामागची महत्त्वाकांक्षा. एर्लांगच्या जुडग्यात नाना फडणिसांचा स्वतंत्र नळ बसविण्याचा हा उद्योग आहे, असे म्हटले तरी चालेल.

हा उद्योग सोपा नाही. एखादे रुग्णालय म्हणते, मला पुण्याहून मुंबईपर्यंत अमुक रुंदीची वाट द्या आणि विलंब अमुक मिलिसेकंदांच्या आत ठेवा. नियंत्रकाने कोणत्या वाटेवर किती जागा उरली आहे ते पाहावयाचे, बसत असेल तर होकार द्यावयाचा, नसेल तर नम्रपणे नकार. पंगतीत पाने वाढण्याआधी माणसे मोजावी, तसे. दहा मागण्या असतील आणि प्रत्येकीसाठी चार वाटा शक्य असतील, तर मांडणीचे प्रकार होतात १०,४८,५७६. मागण्या वीस झाल्या की हीच संख्या एक लाख कोटींच्या वर जाते. सर्वोत्तम मांडणी शोधत बसले तर दिवाळी येऊन जाईल. म्हणून ‘बऱ्यापैकी आणि वेळेवर’ या तत्त्वावर काम चालते. तरी फायदा केवढा, ते गूगल कंपनीने आपल्या केंद्रांना जोडणाऱ्या जाळ्याविषयी २०१३ साली प्रसिद्ध केले. गर्दीच्या भीतीने एरवी ज्या मार्गिका ३० ते ४० टक्केच भरत, त्यांतल्या कित्येक तेथे जवळजवळ १०० टक्के भरून चालविता आल्या. युक्ती वाड्याचीच : तातडीचे थोडे आधी सोडावयाचे आणि धुण्याचे पाणी, म्हणजे मोठमोठ्या साठ्यांच्या नकला, उरलेल्या वेळात भरावयाचे.

या वाटपाचा प्रत्यय आपण सर्वांनी मार्च २०२० मध्ये घेतला. टाळेबंदी झाली आणि पेठेतल्या प्रत्येक घरात एकाच वेळी शाळा, कचेरी आणि चित्रपटगृह सुरू झाले. तेव्हा देशातल्या चित्रपट पुरविणाऱ्या कंपन्यांनी मोबाइल जाळ्यांवर चित्राची प्रत काही आठवडे उतरविण्याचे मान्य केले. चित्र थोडे धुरकट झाले, पण जाळ्यावरचा भार हलका झाला. धुण्याला थोडे कमी पाणी, म्हणून पिण्याला पुरेसे. एवढाच त्याचा अर्थ.

खरा प्रश्न आहे तो याच्या पुढचा. नळकोंडाळ्यावर कोण पुढे घुसला ते सात बिऱ्हाडे पाहत होती. ट्रंक कॉलचे तीन दर छापलेले होते. नियंत्रकाच्या पोटात मात्र कोणाचे पाकीट आधी गेले आणि कोणाचे टाकले, हे तुम्हांआम्हांला दिसत नाही. चित्र गोल गोल फिरत राहिले की आपण नशिबाला बोल लावतो. म्हणूनच ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने कोणत्या संकेतस्थळावर जाता यावरून निरनिराळे दर लावण्यास बंदी केली, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने जाळ्याच्या समभावाचे तत्त्व स्वीकारले, त्या घटना मला लढायांइतक्या महत्त्वाच्या वाटतात. त्यातही काही खास सेवांना वेगळी वागणूक देण्याची मुभा ठेवली आहे, आणि ती योग्यच आहे. बाळंतिणीच्या घराला पहिला हंडा देण्याला अन्याय कोण म्हणेल? पण १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ‘५जी’ सुरू झाल्यापासून एकाच जाळ्याचे असे निरनिराळे काप करणे हे रोजच्या व्यवहारातले काम होऊ लागले आहे. बाळंतिणीचे घर कोणते आणि केवळ श्रीमंताचे घर कोणते, हे ठरविणार कोण? आणि ठरविले ते आम्हांस कळणार कसे?

माझे उत्तर जुनेच आहे. तीन गोष्टी हव्यात. पहिली, प्रत्येकाला पिण्यापुरता एक हंडा. कोणाचाही काप कितीही मोठा असो, साध्या माणसाच्या वाटेचा तळ राखून मगच. दुसरी, ज्याला अग्रक्रम दिला त्याचे कारण उघड लिहिलेले असावे. आणि तिसरी, जागोजाग उच्छ्वास असावेत. म्हणजे आत काय वाहते आहे ते बाहेरच्या, निःपक्ष माणसाला केव्हाही डोकावून पाहता यावे. यंत्र बांधणाऱ्यांना हे अशक्य नाही. ज्या सॉफ्टवेअरला प्रत्येक पाकिटाची वाट ठरविता येते, त्याला आपला हिशेबही ठेवता येतो. ठेवावयास कोणी सांगितले पाहिजे, एवढेच.

आणखी एक सावधगिरीचा शब्द. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले. पुराने नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या आणि शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा पुणेकरांना पेठांतल्या विहिरींची आठवण झाली. सारे एका मोठ्या, कार्यक्षम, स्वस्त व्यवस्थेवर सोपविले की ती व्यवस्था बसली म्हणजे सगळेच बसतात. एकच नियंत्रक सगळ्या जाळ्याचा मेंदू झाला, तर तो मेंदू फिरला वा थांबला तर काय, याची तजवीज आधीच हवी. शहाणे लोक म्हणून एकाला दोन-तीन नियंत्रक ठेवतात आणि वर पाहणारा नसला तरी चौकातल्या यंत्राने निदान जुन्या वाटेने पाकिटे सोडत राहावे, अशी सोय करतात. नाना फडणिसांनी आंबेगावाकडून वेगळा नळ आणला, त्याची किंमत अशा वेळी कळते.

पेठेतले हौद आता बहुतेक बुजले, झाकले गेले. सातारा रस्त्याच्या अंगाने कोठे कोठे एखादा उच्छ्वास वाहनांच्या गर्दीत उभा दिसतो. ज्या रस्त्यांखालून कधी काळी पाणी गेले, त्याच रस्त्यांखालून आता काचेचे तंतू गेले आहेत. त्यांतून धावणारा प्रकाश आपल्या मुलांचे धडे, आपल्या आईवडिलांची औषधे आणि परदेशी गेलेल्या लेकीचा दिवाळीचा नमस्कार वाहून आणतो. तो कोणाच्या घरी आधी पोचावा आणि कोणाच्या घरी अजिबात अडू नये, हे ठरविण्याचा अधिकार पाण्याइतकाच सार्वजनिक आहे. तो आपण पाण्यासारखाच, डोळ्यांत तेल घालून जपला पाहिजे.